नुसतं प्लास्टर

शेवंतीचं आणि तिच्या धाकट्या जावेचं, शर्मिलेचं, आजवर कधी जुळलं नव्हतं. घोटे मात्र दोघींचे एकाच वेळी मोडले. वालावलच्या बागेतून नारळांची पाटी दोन बाजूंनी धरून येत होत्या. शेवाळलेल्या चिऱ्यावरून शेवंतीचा पाय सरकला, आणि पाटी सोडायची नाही या हट्टापायी शर्मिलाही तिच्याबरोबर खाली आली.

कुडाळच्या डॉक्टरांनी दोघींचे एक्स-रे पाहिले. शेवंतीचं घोट्याच्या बाहेरच्या बाजूचं हाड मोडलं होतं, पण सांधा जागेवर होता. तिला प्लास्टर. शर्मिलेची दोन्ही बाजूंची हाडं मोडून सांधाच सरकला होता. तिला ऑपरेशन, प्लेट आणि स्क्रू. झालं, शेवंतीच्या पोटात दुखायला लागलं ते तिथूनच.

आता ऑपरेशनचा कोणी हेवा करतं का? शेवंतीनं केला. कारण ऑपरेशन म्हटल्याबरोबर शर्मिलेचा बाळा पुण्याहून धावत आला आणि रजा टाकून राहिला. आईला उचलून न्हाणीत न्यायचा. हात धड असलेल्या आईला पेज भरवायचा, हे तर शेवंतीच्या डोळ्यांत फारच खुपलं. तिच्या मागे नवरा नव्हता, आणि पनवेलला असलेला तिचा गुरुप्रसाद फोनवर म्हणाला, “नुसता प्लास्टर मां? मगे बरा.” गेल्या चतुर्थीलाही तो आला नव्हता. बाळा शेवंतीचंही सगळं बघायचा, त्यानं तर ती जास्तच जळायची. त्यानं आणून दिलेला चहा मुद्दाम थंड करून प्यायची.

डॉक्टरांनी तिला समजावून सांगितलं होतं. हाड मोडलं म्हणजे ऑपरेशन, असं नसतं. सांधा पक्का आहे का, ते पाहायचं. आठवड्यानं प्लास्टर काढून, पायावर उभं करून पुन्हा एक्स-रे घेऊ. वजन टाकल्यावर सांधा उघडला तर मात्र प्लेट घालावी लागेल. तोवर पाय जपा.

एरवी कोणीही सांधा उघडू नये म्हणून देवाला नारळ बोललं असतं. शेवंती तो उघडावा म्हणून बोलली. वर देवावरच सगळं कशाला टाका, म्हणून स्वतःही कंबर कसली. कोणाचं लक्ष नसलं की प्लास्टरसकट विहिरीपर्यंत जाऊन यायची, दुखऱ्या पायावर भार देऊन. डोळ्यांतून पाणी यायचं, पण शर्मिलेच्या खोलीतून बाळाचं हसणं ऐकू आलं की पुन्हा उठायची.

आठवड्यानं बाळा दोघींना गाडीतून घेऊन गेला. शर्मिलेचे टाके बघायचे होते, ती आत गेली. इकडे शेवंतीनं एक्स-रेला दात आवळून सगळं अंग त्या पायावर टाकलं. डॉक्टरांनी फोटो उजेडावर धरला. सांधा तसूभरही हलला नव्हता.

“चालत होतात वाटतं?” ते म्हणाले. “हरकत नाही. आजपासून मी तेच सांगणार होतो. ऑपरेशनची गरज नाही.”

शेवंती रडायला लागली. डॉक्टरांना वाटलं, बाईंना आनंद झाला.

बाळानं तिला धरून बाहेर बाकावर बसवलं. ती डोळे पुसत होती, तोच गुरुप्रसादचा फोन आला. काय झालं, म्हणून त्यानं विचारलं आणि शेवंतीच्या तोंडून निघून गेलं, “ऑपरेशन करूचा लागतला म्हणतत रे.”

मग तो म्हणाला, “बाळा आसा मां थंय? काकीचा केल्यान, तुजापण करतलो. माका रजा मिळाची नाय.”

इतके दिवस ज्या ऑपरेशनसाठी ती झुरली, त्यानंसुद्धा मुलगा येणार नव्हता. शेवंतीचा हात खाली आला. फोन मोठ्यानं बोलत होता, बाळानं सगळं ऐकलं होतं. आता हा आपली लबाडी उघडी पाडणार, म्हणून तिनं मान वळवली. बाळानं फोन घेतला.

“गुरू, मी आसान काय उपेग? डॉक्टरांका सही सख्ख्या झिलाचीच होयी. सांजच्या गाडयेक बस.”

थोडं ऐकून घेऊन त्यानं फोन तिच्या मांडीवर ठेवला.

“येता तो. इल्यार सांगूया, डॉक्टरांनी बेत बदलल्यानी.”

त्याच्या तोंडावरून हात फिरवावा, असं शेवंतीला वाटलं. तेवढ्यात शर्मिला कुबड्यांवर बाहेर आली आणि बाळा तिला सावरायला धावला. शेवंती बघत राहिली. उद्या गुरुप्रसाद येणार होता, आणि तिला हवा होता तो बाळा.