न झालेली बैठक

किनाऱ्यावर जळून पडलेली ती होडी आजही माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. आमचा जिल्हा तेव्हा कुलाबा म्हणून ओळखला जाई. मी तिथल्या एका ठाण्यात फौजदार होतो. कोळीवाड्याचे नाव सांगत नाही.

खबर दिली बाजारात सुकी मासळी विकणाऱ्या बाईने. "साहेब, ती होडी आपसूक न्हाय जळली," एवढेच बोलून तिने टोपली उचलली.

होडीचा मालक तक्रार द्यायला तयार नव्हता. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत तो सरपंचाविरुद्ध उभा राहिला आणि पडला. मग गावाने त्याला वाळीत टाकले. विहीर बंद, बोलणे बंद. बायको बाळंतपणात अडली, तर सुईण आली नाही. ती गेली, मूलही गेले. खांदा द्यायला सासुरवाडीची माणसे आणावी लागली. त्यानंतर होडी जळाली.

पंचनाम्यात घासलेटचा वास नोंदवला. वाळीत कुणी टाकले असे चावडीवर विचारले, तर सगळ्यांचे एकच उत्तर, "गावानं बैठकीत ठरवलं." जमावाला विचारले की उत्तर जमावाचेच येते, हा माझा अनुभव. म्हणून एकेकाला ठाण्यावर बोलावले.

"बैठकीला होतास?"

"मी आजारी व्हतो, साहेब. पन बाकीचे समदे व्हते."

दुसरा मुंबईला गेलेला, तिसरा समुद्रावर. बाकीचे सगळे मात्र हजर! हवालदाराने लिहिता लिहिता मान वर केली. बैठक झालीच नव्हती.

शेवटी सुईणीला बोलावले. तीही म्हणाली, "गावानं आडवलं."

"मावशी, दारात गाव उभं राहत नाही. माणूस उभा राहतो. कोण होतं?"

तिने तोंडाला पदर लावला. मग म्हणाली, "माजा ल्योक. सरपंचानं धाडलेला. घासलेटचा डबाबी माज्याच घरातला."

डबा जप्त झाला. कोर्टात बाकीचे साक्षीदार फिरले, ती फिरली नाही. सरपंच आणि तिचा मुलगा, दोघांना शिक्षा झाली. होडीवाला गाव सोडून गेला.

बहुमत म्हणजे जास्त माणसांचे मत, असे मी समजत होतो. इथे दोघांनी घरोघर सांगितले, "सगळ्यांचं ठरलंय." शेजाऱ्याला विचारायची हिंमत कुणाला झाली नाही. त्या भीतीलाच सगळे 'गाव' म्हणत होते.

निकालानंतर मात्र गावाची बैठक खरोखर भरली आणि सुईणीला वाळीत टाकले गेले. मी तक्रार घ्यायला तिच्या घरी गेलो. तिने जबाब दिला नाही.

"कुनाकुनाची नावं घेऊ, साहेब?" ती म्हणाली. "या खेपेला समदे व्हते."