विनीताची परदेशाची तयारी

लवूनं विनीताचा उजवा खांदा पहिल्यांदा निखळवला तेव्हा त्यांच्या लग्नाला सात महिने झाले होते. दुसऱ्यांदा निखळवला तेव्हा ती पोटुशी होती, आणि ते मूलही गेलं. तिसऱ्यांदा खांदा बसवताना मालवणच्या डॉक्टरांनी तिला बजावलं की आता हा हात नुसता गळ्यात बांधून भागणार नाही, रोज चालता ठेवावा लागेल. मग त्यांनी बाजारपेठेतल्या भक्तीताईंच्या योगवर्गाचा पत्ता कागदावर लिहून दिला. पाहुणे मला कौतुकानं विचारतात, तुमच्या या बाई योगाकडे कशा हो वळल्या? मी त्यांच्या पानात आणखी एक घावन वाढते आणि गरम आहे तोवर खा म्हणते.

तोंडवलीला पुळणीला लागून माझं चार खोल्यांचं न्याहारी-निवास आहे. विनीता माझ्याकडे अकरा वर्षं आहे. आधी झाडलोट आणि स्वयंपाक करायची, आणि त्या पगारातून राहतं घर तिनंच बांधलं. नंतर भक्तीताईंनीच तिला शिकवायला उभी केली, आणि गेली चार वर्षं ती सकाळी सुरूच्या बनात पाहुण्यांना आसनं शिकवते. साडीचा काचा मारून शिकवते. मुंबई-पुण्याच्या बायका महागाच्या चटया अंथरून तिच्यासमोर बसतात आणि ती सांगेल तसा श्वास घेतात. कधी तिच्या दंडावर हिरवानिळा डाग असायचा. एकदा एका पाहुणीनं विचारलं तर म्हणाली, दार लागलं. त्या दाराला दोन पाय होते आणि ते ट्रॉलरवर खलाशी होतं, हे मी पाहुणीला सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. लवू समुद्रावर असला की विनीता मोठ्यानं हसायची. तो घरी आला की हळू बोलायची. मी इतकी वर्षं हे बघत होते आणि लवूला शिव्या घालत होते, पण माझ्याच स्वयंपाकघरात, दार लावून.

मागच्या मे महिन्यात एक बाई आठ दिवस राहून गेल्या. श्रीलंकेत समुद्रकाठी त्यांचं योगकेंद्र आहे. त्यांनी विनीताला तीन आठवडे पुढचं शिकायला बोलावलं, राहणं-खाणं त्यांचं. विनीतानं दोन दिवस विचार केला आणि मला म्हणाली, "वैनी, माका जावचा आसा." तिनं स्वतःसाठी काही मागितलेलं मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

आता, मला सल्ले द्यायची खोड आहे. मी स्वतः दोनदा एकटी परदेशी जाऊन आले आहे, आणि जो जो माणूस माझ्या तावडीत सापडेल त्याला मी ते ऐकवते. विनीता तर आयतीच सापडली. रोज दुपारी भांडी झाली की ओसरीवर तिची तयारी चालायची. पासपोर्टच्या तीन झेरॉक्स काढ, एक बॅगेत, एक अंगावर, एक माझ्याकडे. केंद्राचा पत्ता आणि फोन कागदावर लिही, मोबाइल बंद पडतो तेव्हा कागदच उपयोगी पडतो. तिथे उजेडी पोचेल असंच विमान घ्यायचं. बॅग इतकीच भर की दोन जिने स्वतः चढवता येईल. मी तिला बॅग घेऊन माझा जिना चढायला लावला, डाव्या हातानं, कारण उजव्याचा भरवसा नव्हता. सुकट नेऊ नको, विमानात वास मारेल आणि तिकडे काढून घेतील. नेहमीच्या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. आणि पासपोर्ट गळ्यातल्या पिशवीत, पोलक्याच्या आत, झोपतानासुद्धा. ती पिशवी मी स्वतः शिवली. दोरी तुटू नये म्हणून मासे पकडायच्या जाड तंगुसाची घातली, आणि तिनं ती तेव्हापासूनच घालावी, म्हणजे सवय होईल, असा हुकूमही सोडला.

एका दुपारी अनोळखी माणसांपासून कसं सांभाळायचं ते चाललं होतं. अनोळखी माणूस फार जवळ आला तर मोठ्यानं ओरडायचं, माणसं असतील तिकडे चालू लागायचं, खोलीचा नंबर कुणाला सांगायचा नाही. विनीता वही-पेन घेऊन बसली होती. पेन थांबवून तिनं विचारलं, "आणि वळखीचो इलो तर?"

मी म्हटलं, तिकडे तुझ्या ओळखीचं कोण येणार? आणि पुढच्या मुद्द्याकडे वळले. माझ्यासारखी शहाणी बाई अख्ख्या तालुक्यात सापडणार नाही.

घरी तिनं मुंबई सांगितली होती. बहिणीचं ऑपरेशन आहे, महिनाभर जावं लागेल, असं. लवू कुरकुरला, पण जा म्हणाला. त्याला खरं कळलं असतं तर तिला उंबरा ओलांडता आला नसता. एकदा ती त्याला न विचारता कुडाळला लग्नाला गेली होती, तेव्हा त्यानं तिचे केस धरून तोंड कोळशाच्या राखेत घासलं होतं. म्हणून परदेशाची गोष्ट फक्त ती, मी आणि भक्तीताई जाणत होतो. विमान बुधवारचं, गोव्यातल्या मोपाहून बेंगळुरू आणि पुढे कोलंबो.

आणि एवढं सगळं गुपचूप केल्यावर आम्ही दोघींनी काय केलं? रविवारी देवळात गाऱ्हाणं घालायला गेलो.

आमच्याकडे नवी होडी पाण्यात लोटायची असो की मुलाला बोटीवर नोकरी लागलेली असो, देवापुढे नारळ ठेवल्याशिवाय कुणी किनारा सोडत नाही. पलीकडे श्रीलंका असली म्हणून काय झालं. मी गुरवाला, म्हणजे दाजींना, हळूच म्हटलं की मुंबईला जाते एवढंच सांगा. ते ऐकून विनीताच घाबरली. देवाला मुंबई सांगितली तर देव मुंबईतच राखण करत बसणार, तिकडे मला कोण? मला ते पटलं. दाजींनाही पटलं. ते म्हणाले, देवाशी लबाडी केली तर नारळ फुकट जातो. सकाळी साडेसहाची वेळ, देवळात आम्ही धरून सहा-सात माणसं. मला वाटलं, चालेल.

दाजींचा आवाज असा आहे की ते कुजबुजले तरी खाडीपलीकडे जातं. "बा देवा म्हाराजा! आज हे तुझे लेकरान, विनीतान, जो नारळ ठेवलो आसा तो मान्य करून घे. बुधवारी ती एकटी विमानान परदेशात, लंकेक, योग शिकाक जाता. तिका वाटेत काय अडचण येव नये, कोणाची वाकडी नजर पडा नये. गेली तशी सुखरूप परत हाड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले. त्यात सर्वांत मोठ्यानं म्हणाला तो बाबली, लवूबरोबर ट्रॉलरवर असणारा. तो खांबाआड उभा होता, मला दिसला नव्हता. तीर्थ घेऊन तो निघून गेला. मी प्रसादाचं खोबरं खात होते.

सोमवारी दुपारी तीन वाजता विनीता माझ्या ओसरीवर बॅगेचं वजन करत होती. पाहुणे किल्ला बघायला गेले होते. लवू फाटकातून आला तो नारळ तोडायचा कोयता हातात घेऊनच आला, माझ्याच पडवीतून उचललेला. पहिला घाव बॅगेवर घातला, दुसरा, तिसरा. तिचे नवे सुती कपडे भाताच्या पेंढ्यासारखे बाहेर आले. मग त्यानं कोयता फेकला आणि तिला पकडलं. कानशिलात मारली, ती खांबावर आपटली, भुवई फुटली. तो तिच्या छातीवर गुडघा देऊन बसला आणि पासपोर्ट खंय आसा, खंय आसा, एवढंच विचारत राहिला. ती सांगेना. तेवढ्यात पोलक्यातून वर आलेली दोरी त्याला दिसली.

त्यानं ती ओढली. तुटली नाही. मी शिवली होती ना, न तुटणारी. त्यानं ती मुठीभोवती एक वेढा घेतली, दुसरा घेतला, आणि तिच्या तोंडाचा रंग बदलू लागला. मी त्याच्या पाठीवर पडले. केस ओढले, मानेला चावले, माझ्या दातांत त्याचं कातडं आलं. त्यानं कोपर मारून मला भिंतीवर फेकलं, माझा दात हलला तो अजून दुखतो. पण माझ्यामुळे त्याची मूठ क्षणभर सुटली, आणि विनीता त्याच्याखालून निसटली.

पर्यटकांना फोटो काढायला म्हणून मी ओसरीच्या भिंतीला एक जुनं वल्हं टेकवून ठेवते. विनीतानं ते उचललं. भरवसा नसलेल्या उजव्या हातानंच उचललं. पहिला फटका त्याच्या मनगटावर बसला, दुसरा गुडघ्यावर, आणि मोडल्याचा आवाज मी ऐकला. तो पडला. तो पडल्यावरही ती मारत राहिली, पायावर, पुन्हा त्याच पायावर, प्रत्येक फटक्याला शांतपणे श्वास सोडत, जशी पाहुण्यांना शिकवते तशी. लवू आई गं आई गं करत सरपटत होता. मला इतकी वर्षं वाटायचं की हा दिवस बघायला मिळाला तर मी साखर वाटीन. प्रत्यक्ष बघितलं तेव्हा साखर आठवलीही नाही. मी मागून तिच्या कमरेला मिठी मारली आणि म्हटलं, "पुरे गो. मरात तो." तेव्हा ती थांबली. वल्हं तिनं होतं तिथे नीट टेकवून ठेवलं.

रिक्षात घालून त्याला आम्हीच दवाखान्यात नेलं. पाय दोन ठिकाणी मोडला होता, ऑपरेशन करावं लागणार होतं, पुढे सहा आठवडे बिछाना. डॉक्टरांनी विचारलं, काय झालं? लवू म्हणाला, जेटीवर पाय घसरला. बायकोनं मोडला असं सांगितलं असतं तर त्याला गावात कुणाच्या शेजारी बसायला तोंड राहिलं नसतं. तोवर हवालदार आले, त्यांनीही विचारलं. लवू जेटीलाच धरून बसला. मग हवालदारांची नजर विनीताच्या गळ्यावरच्या जांभळ्या रेघेवर गेली. तिला तक्रार द्यायची आहे का, असं त्यांनी विचारलं. आता गप्प बसली असती तर सगळंच मिटलं असतं. पण ती शाळेतल्यासारखं स्वच्छ बोलली, "हो, द्यायची आहे. त्यांनी माझा गळा आवळला. त्यांचा पाय मी मोडला, तेही लिहा. पण आत्ताच लिहून घ्या, बुधवारी मी इथे नाही." लवू स्ट्रेचरवरून ओरडला की ती खोटं बोलते, मी पडलो. हवालदारांनी तिचं म्हणणं गळ्यापुरतं लिहून घेतलं, पायाचं जेटीच्या नावावर गेलं.

संध्याकाळपर्यंत गाव जमलं. राधाबाई, विनीताची सासू, आल्या आल्या तिच्या पायाशी बसून रडू लागल्या. चुकला असेल, पण तुझा नवरा आहे, त्याला पाणी कोण देणार, मला तर त्याची उठबस होणार नाही. बाबली खाली मान घालून म्हणाला की आता जाण्याचं काही खरं नाही. शेजारणीही तेच म्हणाल्या. आणि लपवून काय उपयोग, मीही तेच म्हणाले. तिला बाजूला घेऊन म्हटलं की तिकीट पुढच्या महिन्याचं करून घेऊ, मी बोलते त्या बाईंशी, त्या समजून घेतील. माझ्या तोंडातलं रक्त अजून थांबलं नव्हतं आणि मी हे बोलत होते.

भुवईला टाके, एक डोळा मिटलेला, तशी विनीता भिंतीला टेकून उभी राहिली.

वॉर्डातल्या सिस्टर कागद घेऊन बाहेर आल्या. ऑपरेशन उद्या सकाळी, पेशंटजवळ रात्रंदिवस एक नातेवाईक लागेल. "कोण थांबणार? नाव आणि मोबाइल नंबर सांगा."

आम्ही सगळे विनीताकडे बघायला लागलो. सिस्टरांनीही आमच्या बघण्यावरून तिच्यासमोर पेन धरलं.

विनीतानं पेन घेतलं नाही. म्हणाली, "मी थांबणार नाही."

"तुम्ही पत्नी ना त्यांच्या?"

"हो. म्हणूनच."

सिस्टरांनी तिच्या गळ्याकडे बघितलं आणि पेन राधाबाईंच्या हातात दिलं. विनीता जिना उतरून खाली गेली. मी तिच्या मागे धावले.

बुधवारी पहाटे मी तिला मोपाला नेलं. माझी जुनी बॅग, माझेच चार कपडे. गळ्याला ओढणी. बाहेर विमानतळाच्या दारात मी पुन्हा सुरू केलं, पाणी उकळलेलं पी, पोचल्यावर फोन कर. ती सगळं ऐकून घेत होती. मग मला रडू आलं आणि सल्ले संपले.

परत जायचं तिकीट दाखवावं लागतं म्हणून ते मीच काढून दिलं होतं, पुढच्या महिन्यातलं. माझा सकाळचा वर्ग बंद आहे, पाहुणे विचारतात, मला ती हवी आहे. तरी परवा फोनवर मी तिला म्हटलं, तिकडेच काही काम मिळत असेल तर रव गो, लवू सहा आठवड्यांचा बिछाना सोडून आताच काठी घेऊन तुमच्या ओसरीवर बसायला लागलाय, येव नको.

पलीकडे लाटांचा आवाज येत होता. ती म्हणाली, "येतलंय, वैनी. घर माझा आसा. खंय जावचा ता तेका बघू दे."