सईच्या कोपरावरच्या गाठी

मिरज स्टेशनावर गाडी सुटताना मामांनी खिडकीतून शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा दिला आणि म्हणाले, "धाकटीचं लग्न होईपर्यंत ह्या पोरीला इकडे आणू नका. लोक बघतात." धाकटी म्हणजे मामांची धाकटी मुलगी; पोर म्हणजे माझी सई, त्यांची सख्खी नात. तिच्या कोपरांवर, टाचांवर पिवळट गाठी होत्या. मी मामाच्याच मुलाला दिलेली, त्यामुळे मामा तेच सासरे. तरी चारचौघांत म्हणायचे, "हे सुनेच्या बापाकडचं." मी रडले नाही. मनात म्हटलं, थांबा जरा.

ह्यांची बदली दिल्लीला झालेली. मयूर विहारच्या फ्लॅटमध्ये गावाची आठवण आली की डबा उघडायचा, सईला लाडू द्यायचा. भाजीत, कोशिंबिरीत कूट होताच. गाठी वाढत गेल्या. तिकडे सगळे चामखीळ म्हणत होते. इथल्या स्किनच्या डॉक्टरीणबाईंनी गाठीला हात न लावता आधी रक्त तपासलं, मग जेनेटिक टेस्ट. शेंगदाणे, तीळ, खोबरं, तेल, ह्यांतली एका जातीची चरबी सईचं शरीर बाहेर टाकतच नव्हतं. ती कातडीखाली साठत होती, उद्या हृदयाच्या नसांत साठली असती. आम्हीच तिला हौसेनं खाऊ घालत होतो.

"शादी रिश्तेदारी में हुई है?" बाईंनी विचारलं. हा दोष आई आणि बाप दोघांकडून यावा लागतो. माझी आई आणि मामा सख्खी भावंडं. म्हणजे बहुतेक एकाच घरातून, मामांच्याच, दोन्हीकडे आलेला. खरं सांगते, पोर आजारी असताना मला त्या क्षणी बरं वाटलं. लाजबीज काही वाटली नाही.

कूट बंद झाला, गोळ्या सुरू झाल्या. हळूहळू गाठी बसल्या. हृदय बिल्कुल ठीक आहे.

आणि मामांनी धाकटी ठरवली कोणाला? माझ्याच भावाला. मी मामांना फोन केला, "तुमची, धाकटीची आणि माझ्या भावाची टेस्ट झाल्याशिवाय अक्षता पडणार नाहीत. इथे दिल्लीत या." आई म्हणाली, "अगं, मोठे आहेत ते." मोठे आहेत म्हणूनच.

गावाकडचे तुम्ही सगळे विचारता, घरी कधी येणार. माझं घर इथेच आहे, ज्याच्या दारातून सईला कोणी परत पाठवत नाही.

गेल्या महिन्यात मामा आले, हातात तसाच डबा. दार सईनं उघडलं. गाव सुटलं तेव्हा ती अगदी लहान होती, तिनं त्यांना ओळखलं नाही. "आई, ये कौन हैं? आत घेऊ?"

मामा माझ्याकडे बघत होते. मी लगेच हो म्हटलं नाही.