भिकनाकाची बढती

हीथ्रोला विलास घ्यायला आला होता. एकोणीसशे अठ्ठ्याऐंशीचा मे महिना, आणि माझ्या अंगात दोन स्वेटर. मी महाडची निवृत्त शिक्षिका. विलास माझा धाकटा भाऊ, कार्डिफच्या इस्पितळात डॉक्टर. लोक इंग्लंडला राणीचा राजवाडा बघायला येतात, मी एक नाव बघायला आले होते. आमचे पणजोबा भिकाजी जाधव मुंबईच्या एका फलटणीतून चीनला लढायला गेले आणि तिथे जखमी झाले होते. "साहेबाच्या दप्तरात नाव असणार. कुणीतरी एकदा डोळ्यांनी बघून या," हे बाबांचं शेवटचं सांगणं.

सेव्हर्न नदीवरचा लांबलचक पूल ओलांडला की वेल्स. सकाळी न्याहारीला लेव्हरब्रेड (समुद्री शेवाळाचा काळपट लगदा) होता. कोकणातली असूनही मला तो गिळवेना. समोर विलासची नेहा, वय वर्षं चौदा, शाळेचा प्रोजेक्ट पसरून बसलेली. विषय चीनमधलं ताइपिंगांचं बंड, म्हणजे ज्यात पणजोबा लढले तेच.

"आत्या, बघ, दोन कॉलम्स आहे. इकडे रेबेल्सचे लीडर्स, इकडे त्यांचे एनिमीजचे कमांडर्स."

पहिल्या रकान्यात पुन्हा पुन्हा परीक्षेत नापास झालेला एक मास्तर होता. आजारपणात त्याला स्वप्न पडलं आणि तो स्वतःला येशूचा धाकटा भाऊ म्हणवू लागला. त्याच्या हाताखाली कोळसा पाडणारे, शेतमजूर असले सेनापती. बादशहाच्या हुकमाची वेणी सोडून त्यांनी केस वाढवले, म्हणून त्यांना चांगमाव (लांबकेसे) म्हणत. दुसऱ्या रकान्यात गावोगावचे लोक जमवून फौज उभी करणारा एक चिनी पंडित, आणि नुसती छडी घेऊन लढाईत शिरणारा एक इंग्रज. त्याच्याखाली एक चौकट रिकामी.

"इथे आपली खापरपणजोबा येणार!" नेहा म्हणाली.

मी पहिल्या रकान्यातच अडकले. जमीन सगळ्यांना सारखी वाटा, असं त्या लांबकेशांचं म्हणणं. पुढे त्यांनी एकमेकांचेच गळे कापले, ती गोष्ट वेगळी. पण म्हणणं तर ते होतं, आणि आमच्या माणसानं बंदूक धरली ती त्यांच्यावर. ज्या गोऱ्यांसाठी धरली त्यांनी पुढे आमच्या लोकांची फलटणीतली भरतीच बंद केली. मला संताप आला, आणि कुणाचा ते कळेना.

शनिवारी आम्ही तिघं ट्रेननं लंडनला गेलो. थेम्सकाठच्या बागेत त्या इंग्रजाचा पुतळा आहे, काखेत छडीसकट. नेहानं फोटो काढला. तिथून जुन्या कागदांच्या वाचनालयात. दारातच माझं शाईचं पेन काढून घेतलं आणि हातात पेन्सिल दिली. मास्तरीणबाई असून बिगरीत बसल्यासारखं वाटलं.

तासभर मी जखमींच्या याद्यांत 'जाधव' शोधत होते. मग माझं मलाच हसू आलं. तेव्हा आम्हाला आडनावं होती कुठे? महार शिपायाच्या नावापुढे 'नाक' लागायचं, बस्स. पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात केली आणि सापडलं. शिपाई भिकनाक बिन धोंडनाक. गाव आमचंच. शेजारी जातीचा रकाना. पानावर टिपूस पडू नये म्हणून मी चष्मा काढून डोळे पुसले.

नेहा फिदीफिदी हसली. "नाक म्हणजे नोज ना, डॅड?"

विलासनं मागे वळून पाहिलं. त्या खोलीत मराठी कळणारं चौथं कुणी नव्हतं. तरी त्यानं जातीच्या रकान्यावर तळहात ठेवला.

"स्पेलिंग मिस्टेक आहे ती. गोऱ्या क्लार्कना आपली नावं कुठे यायची? ते नाईक आहे. नाईक म्हणजे आर्मीतली रँक."

"सो ही वॉज अ कमांडर?"

"सॉर्ट ऑफ," विलास म्हणाला. नेहानं चौकट भरली.

परतीच्या ट्रेनमध्ये ती झोपल्यावर मी विचारलं, "पोरीला सांगितलंच नाहीस?"

"ताई, गोऱ्यांना आपण सगळे सारखेच इंडियन. विचारतात ते आपलेच लोक. इथल्या मराठी मंडळात आम्हाला मराठा समजतात. नेहाच्या सगळ्या मैत्रिणी तिथल्या. तू चार दिवसांनी जाशील, आम्हाला इथेच राहायचंय."

मला म्हणायचं होतं, त्या माणसाचं नाक तू कापलंस. म्हटलं नाही.

रविवारी तिथल्या मराठी कुटुंबांचं जेवण होतं. एक पिकल्या केसांच्या डॉक्टरीणबाई ताट घेऊन शेजारी बसल्या. "अहो जाधवताई, नेहा सांगत होती, तुमचे पणजोबा चीनला नाईक होते म्हणे! खरंच का हो?"

टेबलावरचे सगळे माझ्याकडे बघू लागले. विलास ताटात बघत होता. नेहाचा चेहरा अभिमानानं नुसता फुलला होता. चाळीस वर्षं मी मुलांना खरं बोलायला शिकवलं.

"हो," मी म्हणाले. "नाईक होते."

"वा!" म्हणून बाईंनी मला श्रीखंड वाढलं. मी ते खाल्लं.

महाडला आले तेव्हा आळीतले सगळे जमले. सापडलं का नाव, प्रत्येकाचा एकच प्रश्न. सापडलं, म्हणाले. त्या परक्या कारकुनानं ते अक्षर न अक्षर बरोबर लिहिलं होतं, आणि सव्वाशे वर्षं कुणी त्याला हात लावला नव्हता. खोडलं ते आम्ही दोघा भावंडांनी.