वासराच्या चोरीची गोष्ट

दुपारी गॅलरीत घोंगडी वाळत घातली. ओल्या लोकरीचा वास आला आणि फुलंब्रीची शाळा आठवली.

मी चौथीत होते. आमच्या घरी मेंढरं होती. गुरुजींच्या पिशवीतले पेरू त्यांच्याच मुलीनं, सुलभानं, चोरून खाल्ले होते. ती माझ्याशेजारी बसायची, तिच्या तोंडाला पेरूचा वास येत होता. गुरुजींनी वर्गाला गोष्ट सांगितली, "एक गुणी वासरू होतं. मेंढरांच्या संगतीला लागलं अन् चोरी शिकलं." मग माझ्याकडं बघून म्हणाले, "लोकरीचा वास मारतोय नुसता. लई झाली शाळा. उद्यापासून मेंढरंच राख."

सुलभा खाली मान घालून हसली. शाळा तिथंच संपली. तेव्हा मला माझ्या परकराच्या वासाची लाज वाटली होती. आता फक्त राग येतो.

सुलभा आता पुंडलिकनगरात आमच्याच गल्लीत राहते. तिची नात माझ्याकडं गोष्टी ऐकायला येते. आज तिला तीच गोष्ट सांगितली, पण खरी. चोरी वासरानं केली आणि हाकललं मेंढराला.

"त्या वासराचं नाव काय होतं?" तिनं विचारलं.

"तुझ्या आजीला ठाऊक आहे," मी म्हणाले. "सगळे जेवायला बसले की विचार."