पाण्यावरची हरकत

मागच्या महिन्यात मुंबईहून एका मुलीचा फोन आला. नौदलाचे हिशेब तपासणाऱ्या ज्या सरकारी कचेरीत मी पस्तीसेक वर्षं काढली, तिथं ती नवी अधिकारी होती. बोलायला गोड, मुद्द्याला पक्की. कचेरीचा इतिहास छापायचा चाललाय, कच्चा मजकूर जुन्या माणसांना मोबाईलवर पाठवतेय, काही चुकलं असेल तर आठ दिवसांत कळवा, म्हणाली. मी म्हटलं, जन्मभर चुका काढायचाच पगार घेतलाय, पाठव.

मजकूर बराच लांब होता आणि अक्षर मुंगीएवढं. नात सुट्टीला पारनेरला आली होती, तिला वाचायला बसवलं. गोऱ्या साहेबांच्या वेळी जहाजांचे हिशेब कसे ठेवत, स्वातंत्र्यानंतर कचेरीचं नाव कसं बदललं, पुन्हा कसं बदललं, कपाटं कुठल्या इमारतीतून कुठल्या इमारतीत हलली, सगळं होतं. खातेवह्यांच्या जागी यंत्रं आली, यंत्रांच्या जागी कॉम्प्युटर आले. वरच्या साहेबांची, म्हणजे नियंत्रकांची, यादी होती, फोटोंसकट. स्टुलावर बसून बेरजा करणाऱ्या आम्हा कारकुनांच्या वाट्याला एक वाक्य आलं होतं: कर्मचाऱ्यांनी मोलाचे सहकार्य केले. नात म्हणाली, "आजी, हे मोलाचे म्हणजे तूच ना?"

मग शेवटाकडे 'गमतीजमती' असं एक पान लागलं. तिथं एका अधीक्षकांचं नाव होतं, पूर्ण, आडनावासकट. या अधीक्षकांनी म्हणे एका युद्धनौकेला पुरवलेल्या गोड्या पाण्याच्या बिलावर हरकत घेतली होती की, जहाज मुळात पाण्यातच उभे आहे, तरी एवढे पाणी विकत घेण्याची गरज स्पष्ट करावी. नौदलानं एका ओळीत उत्तर दिलं: समुद्र खारट आहे.

नात पोट धरून हसली. "किती बावळट असेल गं हा माणूस! असल्यांना साहेब कोण करतं?"

मीही हसले. सवयच होती. ही गोष्ट कचेरीत लोणच्यासारखी मुरली होती. कुणी खुळचट शंका काढली की बाकीचे म्हणत, "अहो, समुद्र खारट आहे." प्रत्येक निरोप समारंभात कुणीतरी ती सांगायचं आणि मी पहिल्या रांगेत बसून हसायचे. माझ्या स्वतःच्या निरोपालाही सांगितली. तिच्यात एकच चूक होती, आणि चुका काढणारी मी, ती तेवढी कधी काढली नाही. ती हरकत त्या साहेबांनी लिहिली नव्हती. मी लिहिली होती.

आता तेव्हाची मी म्हणजे काय नग होते ते सांगायला हवं. नगरच्या कॉलेजातून बी. कॉम. झालेली, बावीस वर्षांची, मुंबईत मामांच्या खोलीत राहणारी. दोन वेण्या घट्ट, पदराला पिन त्याहून घट्ट, त्यामुळं मान वळायची नाही आणि लोकांना वाटायचं, पोरगी शिष्ट आहे. होतेच मी शिष्ट. पर्समध्ये डबा कमी आणि डिक्शनरी जास्त. कचेरीच्या खिडकीतून समुद्र दिसायचा, पण मी तिकडं बघत नसे. समुद्राकडं टकामका बघतात ते खेड्यातून आलेले, अशी माझी समजूत.

काम असं होतं की जहाजांना लागणाऱ्या वस्तूंची बिलं आमच्याकडं यायची. दोरखंड, रंग, बटाटे, साबण, काय वाटेल ते. आम्ही तपासायची आणि खटकलं तर कागदावर हरकत लिहायची. हरकतीला समाधानकारक उत्तर आलं की ती मिटवायची. एरवी आपल्याकडं 'हरकत नाही' म्हणजे होकार. मामी विचारायची, चहा टाकू का, तर हरकत नाही. कचेरीत मात्र हरकत असणं हीच भाकरी. आठवड्याला किती हरकती काढल्या ते मी डायरीच्या मागच्या पानावर मांडून ठेवत असे. दुसऱ्या मुली तिथं सिनेमाची गाणी लिहीत.

आमच्या विभागाचे अधीक्षक आमच्याच जिल्ह्यातले निघाले, श्रीरामपूरजवळच्या बेलापूरचे. वडील मिशनच्या शाळेत मास्तर होते, त्यामुळं त्यांची मराठी धुतल्या तांदळासारखी. माझ्याहून सोळा-सतरा वर्षांनी मोठे. पहिल्याच दिवशी त्यांनी माझा गाव विचारला आणि तेव्हापासून मला नावानं हाक मारणं सोडलं. "पारनेर, ती फाईल आण." मी मनात त्यांना कालवा म्हणायचे. त्यांच्या गावाला कालव्याचं पाणी, आमच्याकडं आभाळाचं, तेही आलं तर.

त्या साली ते आलं नाही. लोक सांगतात, बहात्तरला धान्य नव्हतं पण पाणी होतं. आमच्या वस्तीवर दोन्ही नव्हतं. आईनं मास्तरांकडून पत्र लिहून घेतलं होतं, त्यात चारच ओळी. विहीर तळाला गेली. उरलंय ते मचूळ. दिवसभर खडी फोडून आल्यावर दोन मैल पाण्याला जाते. तू काळजी करू नको. ते पत्र मी डबा खाताना विभागात वाचलं आणि घास तसाच ठेवला, एवढं आठवतं.

पुढच्या चार-दोन दिवसांत ते बिल माझ्या टेबलावर आलं. पाणी, आणि पुढं टनांत आकडा. मी आकडा बघत राहिले. टनावर मोजतात तो ऊस. पाणी मोजतात घागरीनं, फार तर टँकरच्या खेपेनं. एवढं गोडं पाणी होडीत भरून समुद्रात नेऊन दिलं होतं, तेही कपडे अन् डेक धुवायला. समुद्र खारट असतो हे मी भूगोलात शिकले नव्हते असं नाही. पण खारट म्हणजे आमच्या विहिरीसारखं मचूळ, अशी माझी कल्पना. त्या पाण्यात आम्ही अंघोळी केल्या, भांडी घासली, प्यायलो. खलाशांच्या अंगाला काय सोनं लागलंय?

डिक्शनरी काढली. इंग्रजीत तीन मुद्दे लिहिले. पाणी टनांत कसं मोजलं त्याचा खुलासा करावा. जहाज पाण्यातच उभे असल्याने खरेदीची गरज स्पष्ट करावी. आणि तिसरा मुद्दा, ज्याचा मला सगळ्यात अभिमान वाटला: अंघोळीसाठी सभोवतालचे पाणी वापरल्यास मोठी बचत संभवते. हा तिसरा मुद्दा गोष्टीतून गळून गेला, ही देवाची कृपा. कागद साहेबांच्या ढिगात सरकवला. संध्याकाळी ढीग सह्या होऊन परत आला.

उत्तर आलं त्या दिवशी वरच्या साहेबांनी आमच्या अधीक्षकांना बोलावलं. फाईल घेऊन मी बाहेर उभी. तिथलं दार झुलतं, अर्धं, त्यामुळं पाय दिसायचे आणि आवाज सगळा ऐकू यायचा. आत नौदलाचे एक अधिकारी हसत होते, वरचे साहेब हसत नव्हते. हा कुणाचा शोध, असं त्यांनी विचारलं. आमचे साहेब म्हणाले, "हरकत माझी आहे. सही माझी आहे."

मी दारातून आत जाऊन नाही म्हणू शकले असते. माझी नोकरी अजून कायम झाली नव्हती. मी फाईल छातीशी धरून झुलत्या दाराकडं बघत राहिले.

बाहेर आल्यावर ते रागावतील म्हणून मी रडायची तयारी करून ठेवली होती. ते म्हणाले, "उत्तर आलंय. पण तपासल्याशिवाय हरकत मिटवायची नाही, नियम आहे. जा, तपासून ये." मला वाटलं थट्टा करताहेत. ते वाट बघत होते. मग जेवणाच्या सुट्टीत मी धक्क्याच्या पायऱ्या उतरून खाली गेले, बोट बुडवलं आणि चाखलं. आमची विहीर मचूळ होती, पण तिनं माझी जीभ अशी कधी ओढली नव्हती. परत येऊन लिहिलं: उत्तर प्रत्यक्ष तपासले, बरोबर आढळले, हरकत मिटवावी. त्यांनी गंभीर चेहऱ्यानं सही केली. मिशी तेवढी हलत होती.

त्या वर्षी त्यांची बढती हुकली. पाण्यामुळं, असं कुणी म्हटलं नाही. पाण्यामुळं नाही, असंही कुणी म्हटलं नाही. आधी मी भीतीनं गप्प बसले, पुढं सवयीनं. मनाची समजूत घालायला एक गोष्ट हाताशी होती: त्यांनी न वाचता सही केली, म्हणजे अर्धी चूक त्यांची. या अर्ध्यावर मी पन्नास वर्षं निभावली.

नातीच्या तोंडून बावळट शब्द ऐकल्यावर ते निभेना. त्याच दुपारी मी मुंबईच्या मुलीला फोन लावून सगळं सांगितलं. ती आधी खूप हसली, मग तिच्यातला हिशेबनीस जागा झाला. "आजी, दुरुस्ती करते. पण आधार काय? ती फाईल तर केव्हाच रद्दीत गेली असणार. तुम्ही म्हणता म्हणून कसं बदलू? उद्या आणखी कुणी म्हणेल, हरकत माझी." लेखी काहीतरी आणा, सोमवारी मजकूर छापायला जातो, म्हणाली. मला तिचा राग येईना. तिच्या जागी मी असते तर हेच म्हटलं असतं, वर एक हरकत जास्त लिहिली असती.

लेखी देऊ शकेल असं एकच माणूस होतं. मी नगरवरून बेलापूरची वाट धरली. पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना एसटी फुकट, कंडक्टरनं शून्य रुपयांचं तिकीट दिलं. ते मी दोनदा तपासलं.

साहेब आता ब्याण्णवचे. अंगणात उन्हाला खुर्ची टाकून बसले होते, गुडघ्यावर शाल. पायांच्या आवाजावरून की कशावरून, म्हणाले, "कोण? पारनेर का?"

"व्हय साहेब," मी म्हटलं. त्यांच्यासमोर गेलं की माझी डिक्शनरी अजून बंद पडते.

त्यांची सून चहा घेऊन आली. पुस्तकाचं काढल्यावर कळलं की मजकूर त्यांच्याकडंही आलाय आणि तिनंच वाचून दाखवलाय. साहेबांनी काहीच कळवलं नव्हतं. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, "काय कळवायचं? यादीत सगळे नियंत्रक. अधीक्षक एकटा मी. आयुष्यात एकदा छापून आलोय, तर ते तू खोडायला आलीस होय?"

"लोक तुमाला येडं म्हणत्यात साहेब. माझी नातच म्हणाली."

"नव्वदीनंतर तसंही म्हणतात."

सून कप ठेवता ठेवता थांबली. ती खालच्या आवाजात म्हणाली, "ह्यांना हसू येतं, मावशी. मला नाही येत. पुस्तक उद्या आमची मुलं वाचणार."

मग मला बाकीचं सांगावंच लागलं. झुलत्या दाराचं, माझ्या गप्प बसण्याचं. आणि ते अर्धंही सांगून टाकलं, की तुम्ही न वाचता सही केलीत असं मी धरून चालले होते.

त्यांनी कप खाली ठेवला. बढती हुकल्याचं त्यांना जेवढं लागलं नसेल तेवढं हे लागलं, असं दिसलं. "मी न वाचता सही करत असे?"

मी पदराची पिन चाचपली.

"वाचली होती. दोनदा. तिसरा मुद्दा तर तीनदा." मग त्यांनी कारण सांगितलं. लहानपणी वडिलांची बदली आमच्या बाजूला होती, चौथीपर्यंतची शाळा तिथंच झाली. आई वाटीनं पाणी मोजून द्यायची. मग बेलापूरला आले तर घराजवळून कालवा. पहिल्या दिवशी आईनं चूल पेटवली नाही, ती काठावर नुसती बसून राहिली. "तुझी हरकत खुळी होती, पारनेर. पण तो आकडा आमच्या सगळ्यांच्या हातांखालून वर्षानुवर्षं जात होता. आम्ही बेरीज बघायचो. तू पाणी बघितलंस. म्हटलं, जाऊ दे एकदा वर. कुणीतरी विचारलेलं असू दे."

"मग काय झालं त्याचं?"

"काय होणार? समुद्र खारट निघाला."

सून तोंडाला पदर लावून हसली, तेवढ्यात मी कागद काढला. मजकूर मी बसमध्येच मनात रचला होता, तो उतरवला: सदर हरकत माझ्या मूर्खपणामुळे लिहिली गेली, साहेबांचा तिच्याशी संबंध नाही. त्यांनी चष्मा मागवला आणि पूर्वीसारखं पेन्सिल धरून वाचायला घेतलं. 'मूर्खपणामुळे' खोडून 'शंकेमुळे' केलं. 'संबंध नाही'चं वाक्य सबंध खोडलं. त्या जागी लिहिलं: मी ती दोनदा वाचून, समजून सही केली. पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचलं आणि मग पेन मागितलं. सुनेनं फोटो काढून तिथूनच मुंबईला पाठवला.

परतीच्या बसमध्ये मी नगरपर्यंत पोचते न पोचते तोच त्या मुलीचा निरोप आला. आधार मिळाला, दुरुस्ती करते. फक्त जागा कमी आहे, म्हणून 'दोनदा' हा शब्द काढला तर चालेल का?

मी कळवलं, त्याला माझी हरकत आहे. बाकी काय काढायचं ते काढ.