आठव्या जागेवरची मी

माझ्या नवऱ्याच्या आत्याबाईंनी आजवर जेवढी माणसं बदडली, तेवढी अख्ख्या नागपुरात दुसऱ्या कोणी बदडली नसतील. आणि मार खाल्लेल्यांपैकी एकालाही त्याचा पत्ता नाही, हे त्यातलं सगळ्यात भयंकर. वय एकाहत्तर, उंची जेमतेम पावणेपाच फूट, सुपारीएवढा अंबाडा, आणि बोलणं असं गोड की भाजीवाला न मागता सांभाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी पिशवीत टाकतो. ही बाई रोज सकाळी साडेपाचला आणि संध्याकाळी पाचला, सक्करदऱ्याच्या आपल्या घरासमोरच्या अंगणात पदर खोचून उभी राहते आणि एकवीस फटक्यांत माणसांची रांग लोळवते. मी मुळातच चटकन हादरणारी. भाचीनं केस कापले तरी मला खुर्ची लागते. त्यामुळे या बाईच्या सहवासात माझी काय अवस्था होत असेल ते तुम्हीच ताडा.

हे सुरू झालं नऊ वर्षांपूर्वी. त्यांचे यजमान, आमचे मामाजी, एका बुधवारी बाजारात गेले आणि तिथेच छातीत कळ येऊन गेले. मूलबाळ नाही. तेराव्याला सगळे जमलेले असताना मी पुढाकार घेऊन जाहीर करून टाकलं की आत्याबाई आता एकट्या राहणार नाहीत, आमच्याकडे येतील. सामानाची बांधाबांधही तिथल्या तिथे सुरू केली. सगळ्यांनी माझं कौतुक केलं. आत्याबाई मात्र आल्याच नाहीत. पंधरा दिवसांनी फोन केला तर म्हणाल्या, "मी कराटेत नाव टाकलं वं." मी मनात म्हटलं, दुःखानं डोक्यावर परिणाम झाला, दुसरं काय!

झालं होतं असं की घराशेजारच्या शाळेच्या हॉलमध्ये पोरांचा वर्ग चाले. आत्याबाई खिडकीतून बघत राहिल्या आणि मग सरळ आत शिरल्या. शिकवणारे सर पंचविशीचे, काटकुळे. पोरं काता करत होती. काता म्हणजे कराटेतला ठरलेला पाठ: इतकी पावलं, इतकी वळणं, इथे अडवायचं, तिथे ठोसा, सगळं हवेत. त्यात एक बोट इकडचं तिकडे चालत नाही, आणि जिथून निघालात त्याच फरशीवर येऊन थांबायचं. आत्याबाईंनी विचारलं, "हे पोट्टे कोणाले मारून राहिले गा?"

"समोर कोणीतरी आहे असं समजायचं, आजी."

"कोण?"

"कोणीही."

"कोणालेही कसं मारू बाप्पा? ज्यानं आपलं काही वाकडं केलं नाही त्याले मारणं पाप आहे!"

सरांनी हा प्रश्न आयुष्यात पहिल्यांदाच ऐकला असावा. आत्याबाईंनी तो आपल्या परीनं सोडवला. काता पाठ झाल्यावर त्यांनी एकेका हालचालीवर एकेक माणूस नेमून टाकला. पहिल्या दोन हालचाली त्यांच्या दिराच्या, जो कुहीच्या शेताचा धुरा, म्हणजे बांध, दर पावसाळ्यात हातभर सरकवायचा. आधी त्याचा हात अडवायचा, मग ठोसा. पुढे मौद्याच्या बसचा एक कंडक्टर होता, ज्यानं त्यांना भर उन्हात दोन पिशव्यांसकट पुढच्या थांब्यावर उतरवलं. लोणच्याची फोड मागायला येऊन बरणीच घेऊन गेलेली चुलतजाऊ होती. पाचव्यावर तर खुद्द त्यांचे वडील होते, सातवीतून शाळा सोडवली म्हणून. हे ऐकून मी कानावर हात ठेवले. "आत्याबाई, वडिलांना?" तर म्हणाल्या, "दरसाल तिथीले त्यायचं श्राद्ध करतो नं मी. श्राद्ध वेगळं, काता वेगळा."

पाच वाजले की पाच वाजले. एकदा माझ्या नणंदेच्या मुलीला बघायला पाहुणे आले होते, तेही आत्याबाईंकडेच, कारण मुलगी त्यांची लाडकी. पोहे अर्धे झाले असतील, आत्याबाई घड्याळाकडे बघून उठल्या, "बसा हं," म्हणाल्या आणि अंगणात गेल्या. या कात्यात दोन ठिकाणी पोटातून ओरडायचं असतं, नवव्याला आणि सतराव्याला. सतराव्याची आरोळी अशी आली की मुलाच्या वडिलांची बशी मांडीवर पालथी झाली. मला वाटलं, संपलं, आता ही सोयरीक गेली. पण मुलाची आई हरखून म्हणाली, "अशा घरातली पोरगी केली, तर आमचा पोरगा जपून वागल." लग्न झालं. तो जपून वागतो.

पोरं पट्ट्यामागून पट्टे मिळवत पुढे गेली, काळा पट्टा बांधून इंजिनिअरिंगलाही गेली. आत्याबाई त्याच एका कात्यावर. सर दरवर्षी म्हणत, "आजी, आता दुसरा शिकवतो." आत्याबाई म्हणत, "हा कुठं झाला अजून?" मला ही हट्टाची कमाल वाटे. त्याच त्या हालचाली वर्षानुवर्षं करून माणसाला मिळतं काय? तीनेक वर्षांपूर्वी मी तसं विचारलंही. तेव्हा त्या दिराची गोष्ट निघाली. आजारी होऊन तो दवाखान्यासाठी नागपुरात आला, तर या बाईनं त्याला आठ दिवस ठेवून घेतलं, मऊ भात करून घातला. मी चाटच पडले. "अहो, त्याला तर तुम्ही रोज दोन वेळा..."

"म्हणूनच तं," त्या म्हणाल्या. "हजार खेपा मारल्यावर माणसात माराजोगं काही उरत नाही वं. त्याची जागा रिकामी झाली. आता नुसता हात जाते."

मला जरा भरूनच आलं, आणि त्या भरात मी सहज विचारलं, "आठव्यावर कोण आहे हो?"

"तू," आत्याबाई म्हणाल्या.

मी पुढचे चार दिवस सक्करदऱ्याचं नाव काढलं नाही. मी ज्या बँकेत कामाला आहे तिथे एका गृहस्थांचं पासबुक दुसऱ्यांना दिलं. नवरा हसून हसून लोळला. मी! जिनं तेराव्याला सगळं निस्तरलं! पाचव्या दिवशी राहवेना, जाऊन थेट विचारलं. आत्याबाई शांतपणे म्हणाल्या, "तू माहे डबे काढले होते." तेव्हा आठवलं. बांधाबांध मी स्वयंपाकघरातून सुरू केली होती. फळीवरचे डबे एकेक करून खाली घेतले होते, त्यांना न विचारता. "त्यायले जाऊन तेरा दिवस झाले होते, आणि तू माह्या घरात हात वर करून उभी होती. आठव्याले हात वर नेऊन अडवतेत. पाहाय, तिथं ठोसा नाही. तुले मारलं नाही वं कधी, निस्तं अडवलं."

त्या दिवसापासून मी त्यांच्या घरी पाहुण्यासारखी बाहेरच्या खोलीत बसते. स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडत नाही.

यंदाच्या हिवाळ्यात त्यांचे गुडघे धरले. डॉक्टरांनी एकटं राहू नका म्हणून सांगितलं, आणि घरात पुन्हा तीच चर्चा सुरू झाली. समजावायला मलाच पाठवण्यात आलं. मी पोचले तेव्हा पाच वाजत होते. आत्याबाई पावलं पार आखडून घेत होत्या, वळताना भिंतीला बोट लावत होत्या. पण हात तसाच, सुतासारखा सरळ. आठव्याला हात वर गेला तशी मी पायरीवर बसल्या बसल्या अंग चोरलं.

त्या थांबून हसल्या. "भेतं काहून? तिथं कोणी नाही आता. तू जाऊन दोन वर्षं झाली."

खरं तर मला आनंद व्हायला हवा होता. पण सात वर्षं रोज दोनदा जिनं माझी आठवण काढली, तिनं मला काढून टाकलं, हे काही बरं वाटलं नाही. मी विचारलं, "मग आता उरलं कोण?"

"एकच. सतराव्यावर." त्या गुडघा चोळत राहिल्या. "चहा ठेव, बाजारातून आलोच म्हणून गेले नं आलेच नाही. चहा उतू गेला माहा. बाकी सारे सुटले, त्यायले नाही सोडवत मले. सर म्हणतेत दुसरा काता शिका. ती जागा रिकामी झाल्याबिगर कसा शिकू वं?"

मी जे बोलायला आले होते ते बोललेच नाही. आत्याबाई पुन्हा पहिल्या फरशीवर जाऊन उभ्या राहिल्या, आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "चहा ठेव, सूनबाई."

मी आत गेले. फळी तीच, डबे तेच, त्याच क्रमानं. चहाच्या डब्याकडे हात नेला आणि तो आपोआप अर्ध्यात थांबला. बाहेर अंगणात सतरावा आला. त्या आरोळीनं भांडी थरथरली. मग मी डबा काढला, दोन कप पाणी मोजून ठेवलं आणि उतू जाऊ नये म्हणून गॅसपाशीच उभी राहिले.